हाताला शिकवायची गोष्ट

लहान विमान उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडत येते, मग एक काटकोनी वळण घेते आणि आणखी एका वळणाने धावपट्टीच्या रेषेत येते. हे शेवटचे वळण जमिनीपासून साधारण पाचशे फुटांवर होते. वेग कमी असतो, इंजिन मंद केलेले असते आणि वैमानिकाची नजर धावपट्टीवर खिळलेली असते. वारा पाठीमागून ढकलत असेल तर वळण लांबते आणि विमान रेषेच्या पलीकडे सरकू लागते. वळण घट्ट करायला हवे हे वैमानिकाला कळते, पण जमीन इतकी जवळ असताना विमान जास्त तिरके करायला मन धजत नाही. म्हणून तो नकळत पायाने रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, दाबून नाक आत वळवतो. त्याने विमान आणखी कलते, म्हणून हात एलेरॉन, म्हणजे पंखांच्या टोकांजवळच्या पट्ट्या, उलट्या बाजूला देतो. नाक खाली झुकते, म्हणून तोच हात स्टिक, म्हणजे नियंत्रणाचा दांडा, मागे ओढतो. यातली प्रत्येक हालचाल त्या क्षणी शहाणपणाची वाटते आणि तिन्ही मिळून विमानाला स्पिनमध्ये घालण्याची अचूक कृती होते. आतल्या बाजूचा पंख एकाएकी गळतो, विमान पाठीवर पडल्यासारखे उलटते आणि समोरच्या काचेत गरगरणाऱ्या जमिनीखेरीज काही उरत नाही.

विमान चालवायला शिकणाऱ्या प्रत्येकाने हा स्पिन एकदा तरी मुद्दाम, भरपूर उंचीवर, जाणत्या प्रशिक्षकाबरोबर आणि त्यासाठीच बांधलेल्या कसरतीच्या विमानात अनुभवला पाहिजे, असे माझे मत आहे. जगातल्या बहुतेक देशांत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आज ही अट नाही. ती नसण्यामागे कारणे आहेत आणि ती क्षुल्लक नाहीत. तरीही मला ती अपुरी वाटतात. का, ते सांगण्याआधी स्पिन म्हणजे नेमके काय ते समजून घ्यायला हवे, कारण त्याच्याविषयी बोलताना पहिलाच शब्द आपल्याला फसवतो.

तो शब्द म्हणजे स्टॉल. मोटार किंवा रिक्षा ‘बंद पडली’ या अर्थाने तो आपल्या कानावर असतो, त्यामुळे विमान स्टॉल झाले म्हणजे इंजिन बंद पडले असा समज सर्रास होतो. इथे इंजिनाचा काही संबंध नाही. पंख समोरून येणाऱ्या हवेला किंचित तिरका धरलेला असतो आणि या तिरकेपणातून त्याला उचल मिळते. कोन वाढवत नेला की उचलही वाढत जाते, पण एका मर्यादेपर्यंतच. साध्या लहान विमानांत पंधरा ते अठरा अंशांच्या आसपास पंखाच्या वरच्या बाजूने चिकटून वाहणारी हवा पंख सोडून उधळते आणि उचल झपाट्याने कोसळते. हाच स्टॉल. तो कोनावर ठरतो. अमुक वेगाखाली विमान स्टॉल होते असे पुस्तकात लिहिलेले असते ते सरळ, संथ उड्डाणापुरते खरे. साठ अंश कललेल्या वळणात उंची राखायची तर पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो आणि तिथे स्टॉलचा वेग एकेचाळीस टक्क्यांनी वर गेलेला असतो. वैमानिक ओढत राहिला तर विमान कोणत्याही वेगात आणि कोणत्याही स्थितीत, नाक खाली असतानासुद्धा, स्टॉल होऊ शकते. आणि स्टॉल मोडण्याचा उपाय एकच: स्टिक पुढे करून कोन कमी करणे.

दोन्ही पंख एकदम, सारखेच गळले तर विमान नाक टाकून खाली बसते आणि सावरणे सोपे असते. पण त्या क्षणी नाक डावीकडे किंवा उजवीकडे वळत असेल तर एक पंख जास्त गळतो. तो खाली जाऊ लागला की खालून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन आणखी वाढतो, म्हणजे तो आणखी खोल स्टॉलमध्ये जातो, त्याची उचल घटते आणि रोध वाढतो. वरच्या पंखाचा कोन त्यामानाने कमी, म्हणून त्याच्याकडे थोडी उचल शिल्लक राहते. हा फरक विमानाला फिरवतो आणि फिरण्याने हा फरक टिकून राहतो. आपल्या रानात माधवीलतेचे तीन पंखांचे फळ सुटले की भिरभिरत खाली येते. त्याला कोणी फिरवत नाही, ते पडता पडता स्वतःच फिरते. स्पिनमधले विमान तसेच आपोआप फिरत राहते. फरक एवढाच की माधवीच्या फळाला भिरभिरण्यामुळे सावकाश उतरता येते आणि लहान विमान तीनेक सेकंदांच्या एका फेरीत काही शे फूट गमावते.

या अवस्थेत माणसाची सहजप्रवृत्ती त्याच्याविरुद्ध काम करते. जमीन समोरून धावून येत असताना हात स्टिक मागे ओढतो, पण ओढण्याने पंखांचा कोन मोठाच राहतो आणि स्टॉल कायम राहतो. एक पंख खाली गेला म्हणून हात तो पंख उचलायला एलेरॉन देतो. त्या पंखाच्या टोकाची पट्टी खाली वळते, त्याचा कोन आणि रोध वाढतो आणि पुष्कळ विमानांत फिरणे अधिक जोर धरते. रोजच्या उड्डाणात जी हालचाल विमानाला सावरते तीच इथे त्याला बुडवते. सायकल शिकताना पडत्या बाजूला हँडल वळवायचे हे जसे कितीही ऐकले तरी पडल्याशिवाय अंगात उतरत नाही, तसाच काहीसा हा प्रकार आहे, फक्त इथे पडून पाहण्याची सोय नाही.

हे ज्ञान मिळायला विमानविद्येला पहिली काही वर्षे लागली आणि ती महाग पडली. स्पिनमध्ये सापडलेला वैमानिक सहसा सांगायला परत येत नसे. इंग्लंडच्या सॅलिसबरी पठारावर ऑगस्ट १९१२ मध्ये सैन्यासाठी विमाने निवडण्याची स्पर्धा चालू होती. २५ ऑगस्टला लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क तीन तासांची चाचणी आटोपून अॅव्रो कंपनीच्या बंदिस्त कक्षाच्या दुपंखी विमानातून परतत होता. उतरताना घेतलेल्या गिरकीत नाक फार खाली गेले, त्याने ते ओढले आणि विमान सहा-सातशे फुटांवर डावीकडे स्पिनमध्ये शिरले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे करता येण्यासारखे सगळे त्याने केले: इंजिन वाढवले, स्टिक मागे ओढली, रडर वळणाच्या दिशेने आत दिला. काही उपयोग झाला नाही. अखेर दुसरे काही सुचेना तेव्हा त्याने रडर पूर्ण उलट दिशेला दाबला. फिरणे थांबले आणि जमीन पन्नास फुटांवर आली असताना विमान सरळ झाले. खाली उभ्या असलेल्या जाणकारांनी हे सगळे पाहिले होते. उतरल्यावर पार्कने आपण काय काय केले ते क्रमाने सांगितले आणि ते छापले गेले. जीव टांगणीला लागलेला असताना आपल्या हातापायांनी काय केले याची इतकी स्वच्छ नोंद ठेवणारा माणूस विरळाच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात तो गेला, पण त्याने सांगितलेली गोष्ट मागे राहिली.

पहिल्या महायुद्धाच्या मधल्या काळात फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात स्पिनचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. फ्रेडरिक लिंडेमान हा पुढे चर्चिलचा वैज्ञानिक सल्लागार झालेला भौतिकशास्त्रज्ञ १९१७ मध्ये तिथे मुद्दाम विमान स्पिनमध्ये घालून यंत्रांवरचे आकडे लक्षात ठेवत असे, कारण त्याचे गणित त्याला हवेत तपासायचे होते. त्याच वर्षी गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने प्रशिक्षणाची रीतच पालटली. त्याच्या आधी नवशिक्यांना धोकादायक स्थितींपासून दूर राहायला सांगत. स्मिथ-बॅरीने त्यांना दुहेरी नियंत्रणांच्या अॅव्रो ५०४ विमानात बसवून नेमक्या त्याच स्थितींत नेले आणि बाहेर कसे यायचे ते दाखवले. त्याचे म्हणणे असे की जे टाळायला सांगितले जाते त्याची भीती वाढत जाते, आणि भ्यालेला वैमानिक चुकीचे करतो. शंभर वर्षांनंतरही हा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

आज शिकवला जाणारा उपाय त्याच अनुभवातून घडला आहे. इंजिन मंद करा. एलेरॉन मध्यावर आणा. फिरण्याच्या उलट दिशेचा रडर पूर्ण दाबा. मग स्टिक ठामपणे पुढे करा. फिरणे थांबताच रडर मध्यावर आणा आणि विमान हळूच गोत्यातून बाहेर काढा. कागदावर हे पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. अमेरिकेत यातल्या पहिल्या चार कृतींची इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेला ‘पेअर’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी असतो. आणि खरी अडचण इथेच आहे, कारण तोंडपाठ असलेली गोष्ट त्या तीन सेकंदांत हातापायांपर्यंत पोहोचेल याची काही खात्री नसते.

त्यासाठी जे प्रशिक्षण असते त्याचे स्वरूप सांगतो. सुपर डेकॅथलॉनसारखे विमान घेतले तर त्यात विद्यार्थी पुढे आणि प्रशिक्षक मागे बसतो. पंख डोक्यावर असतात, इंजिन १८० अश्वशक्तीचे असते आणि सांगाडा गुरुत्वाकर्षणाच्या सहापट भार सरळ स्थितीत व पाचपट उलट्या स्थितीत सोसेल असा बांधलेला असतो. चार-पाच हजार फुटांहून अधिक उंची घेतली जाते, वळून वळून खालचे आणि आजूबाजूचे आकाश मोकळे असल्याची खात्री केली जाते. इंजिन मंद होते, नाक हळूहळू वर जाते, वारा शांत होत जातो, नियंत्रणे सैल लागतात, पंख थरथरू लागतात. नेमक्या त्या क्षणी एक रडर तळापर्यंत दाबला जातो. पहिली अर्धी फेरी सर्वांत विचित्र, कारण विमान जवळजवळ पाठीवर झोपते. मग नाक खाली पडते आणि जमीन चाकासारखी फिरू लागते. वेगाचा काटा कमी आकड्यावरच रेंगाळतो. ही खूण महत्त्वाची, कारण गोत्यातल्या चक्राकार वळणात वेग भराभर वाढतो आणि तिथला उपाय वेगळा असतो. पहिल्या वेळी विद्यार्थ्याला फेऱ्या मोजता येत नाहीत, किती वेळ गेला ते कळत नाही, पाय रडरवर गोठतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो खालचा एखादा रस्ता किंवा तळे धरून फेऱ्या मोजू लागतो. प्रशिक्षक ज्या बदलाची वाट पाहत असतो तो हाच: गरगरणारे दृश्य वाचता येण्यासारखे होते आणि हात पुढे जाऊ शकतो.

डोक्याला कळणे आणि हाताला कळणे यांत अंतर किती असू शकते, याचे दोन पुरावे २००९ या एकाच वर्षात मिळाले. १२ फेब्रुवारीला न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ उतरू पाहणाऱ्या एका छोट्या प्रवासी विमानाचा वेग कमी झाला, स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा कॅप्टनच्या हातातली नियंत्रणे खडखडवू लागली आणि कॅप्टनने ती पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढली. विमानातले एकोणपन्नास आणि जमिनीवरचा एक असे पन्नास जण गेले. १ जूनला रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० अटलांटिकवर वेगमापक नळ्या गोठल्याने गोंधळात सापडले, त्याचे नाक उचलले गेले, ते सुमारे अडतीस हजार फुटांवर स्टॉल झाले आणि साडेतीन मिनिटे पडत राहिले. सूचना वाजत होती, तरी स्टिक बहुतांश वेळ मागेच होती. २२८ माणसे होती त्यात. या दोन्ही घटना स्पिनच्या नव्हत्या आणि तिथल्या थकव्याचे, रात्रीचे, यंत्रांच्या बिघाडाचे वाटे वेगळे मोजले पाहिजेत. पण दोन्ही ठिकाणी परवानाधारक, हजारो तास उडालेल्या माणसांचे हात त्यांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेल्या नियमाच्या उलट गेले. स्टॉल कसा मोडायचा हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. ज्याच्या हाताने जमीन समोर गरगरत असताना स्टिक पुढे करून पाहिली आहे, त्याच्याकडे त्या क्षणासाठी आठवण नावाची काहीतरी वस्तू असते. ज्याने फक्त वाचले आहे त्याच्याकडे ती नसते.

आता आक्षेप. सर्वांत भक्कम आक्षेप इतिहासातून येतो. अमेरिकेत खासगी परवान्यासाठी स्पिन करून दाखवणे पूर्वी सक्तीचे होते. १९४९ मध्ये ती सक्ती उठवली गेली. युद्धानंतरच्या त्या वर्षांत तिथल्या प्राणघातक अपघातांपैकी निम्म्याच्या आसपास अपघात स्टॉल आणि स्पिनमुळे होत होते, म्हणजे सक्ती असतानाच. ती उठल्यावर पुढच्या दोन दशकांत हा वाटा निम्म्याहून खाली आला. मग स्पिन शिकवण्याने काय साधले, असा सरळ प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. याचे माझे उत्तर दोन भागांचे आहे. एक, त्याच दोन दशकांत विमाने बदलली. स्टॉलची सूचना देणारे भोंगे आले, पंखांची रचना सुधारली, स्पिनमध्ये सहज न जाणारी विमाने बाजारात आली, आणि सक्ती उठवण्यामागे असा बदल घडावा हाही एक हेतू होता. घटीचे श्रेय न शिकवण्याला द्यायचे की चांगल्या विमानांना, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. दोन, आणि हे कबूल केले पाहिजे, जुन्या पद्धतीत स्पिनचे प्रशिक्षण साध्या विमानांत, मिळेल त्या प्रशिक्षकाकडून उरकले जाई आणि त्या सरावानेच माणसे मरत. सर्वांना सरसकट, कसेही, हा मार्ग चुकीचा होता. १९४९ च्या निर्णयाने तो बंद झाला याचे मला दुःख नाही. पण त्याच निर्णयाने प्रशिक्षकांसाठी स्पिनची अट कायम ठेवली, ती आजही आहे. शिकवणाऱ्याला हा अनुभव आवश्यक आहे असे नियम मानतो, तर शिकणाऱ्याला तो अनावश्यक का, याचे समाधानकारक कारण मला सापडलेले नाही.

दुसरा आक्षेप उंचीचा. अमेरिकेतल्या १९९१ ते २००० या काळातल्या प्राणघातक स्टॉल-स्पिन अपघातांचा तिथल्या वैमानिक संघटनेच्या सुरक्षा संस्थेने अभ्यास केला, तेव्हा किमान ऐंशी टक्के अपघात जमिनीपासून हजार फुटांच्या आतच सुरू झाल्याचे दिसले. स्पिनमधून बाहेर यायला साध्या विमानाला अचूक कृती करूनही हजाराच्या आसपास फूट लागतात. म्हणजे शेवटच्या वळणावर विमान गळले तर जगातला कोणताही सराव वाचवू शकत नाही. मग कशाला? हा आक्षेप घेणारे बरोबर बोलतात, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. स्पिनमधून बाहेर येण्याचे कौशल्य हा या सरावाचा लहान भाग आहे. मोठा भाग आत जाण्याचा आहे. विमान स्पिनमध्ये कसे जाते ते विद्यार्थी प्रशिक्षणात पुनःपुन्हा, स्वतःच्या हातांनी घडवतो. चांगला प्रशिक्षक त्याला हवेत एक काल्पनिक धावपट्टी धरायला लावतो आणि पाच हजार फुटांवर तेच शेवटचे वळण, तोच आत दाबलेला रडर, तोच उलटा एलेरॉन, तीच ओढलेली स्टिक करून दाखवायला सांगतो. विमान आतल्या बाजूला कसे उलटते ते पाहिले की सुरुवातीच्या त्या सैलावलेल्या नियंत्रणांना, नाकाच्या त्या तिरक्या घसरणीला एक अर्थ चिकटतो. मग पाचशे फुटांवर पाय जादा रडर देऊ लागला की पोटात काहीतरी हलते आणि तो वळण सोडून देऊन पुन्हा फेरी मारतो. या सरावाचा खरा फायदा कुठल्याच आकडेवारीत सापडणार नाही, कारण टळलेल्या अपघाताची नोंद होत नाही.

तिसरा आक्षेप, सराव स्वतःच धोक्याचा आहे. हो, आहे. त्या वरच्या अभ्यासात प्रशिक्षणादरम्यान झालेल्या प्राणघातक स्टॉल-स्पिन अपघातांपैकी बहुतांश अपघातांत प्रशिक्षक विमानात होता, ही गोष्ट कोणाही प्रशिक्षण संस्थेने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. म्हणूनच विमान कोणते आणि शिकवणारा कोण, या दोन अटींवर मी अडून बसतो. साध्या श्रेणीतले विमान प्रमाणित होताना जुन्या अमेरिकी नियमांनुसार फक्त एका फेरीच्या स्पिनमधून बाहेर येऊन दाखवत असे. त्या पलीकडे ते कसे वागेल याची हमी कोणी दिलेली नव्हती. कसरतीच्या श्रेणीतल्या विमानाला सहा फेऱ्या मारून, पुढच्या दीड फेरीच्या आत बाहेर यावे लागे. या फरकात एखाद्या विद्यार्थ्याचा पाय गोठण्याला जागा आहे. वजनाची मांडणीही तितकीच महत्त्वाची: मागे सामान भरून गुरुत्वमध्य शेपटीकडे सरकला की स्पिन सपाट होत जातो, नाक खाली येत नाही आणि रडरला पकड मिळत नाही. सेस्ना १५२ एरोबॅटसारख्या विमानात दारे झटक्यात निखळतील अशी सोय असते आणि पाठीवर पॅराशूट बांधून बसता यावे म्हणून गाद्या काढता येतात. या तपशिलांतच प्रशिक्षणाचा प्रामाणिकपणा दिसतो.

विमानाच्या निवडीबद्दलचा धडा पायपर कंपनीच्या टॉमहॉकने शिकवला. १९७० च्या दशकात नवे प्रशिक्षण विमान बनवण्याआधी कंपनीने हजारो प्रशिक्षकांचे मत मागवले. त्यांना असे विमान हवे होते जे खरोखर स्पिनमध्ये जाईल आणि ज्यातून बाहेर यायला वैमानिकाला नीट कृती करावी लागेल. ते तसे बनले. १९७८ पासून ते शाळांत आले आणि एकंदर अपघातांत त्याची कामगिरी वाईट नव्हती, पण स्टॉल-स्पिनच्या प्राणघातक अपघातांत त्याचे प्रमाण सेस्ना १५० आणि १५२ पेक्षा जास्त निघाले. स्पिन शिकवण्यासाठी बनवलेले विमान रोजच्या सर्व कामांसाठी, सर्व तऱ्हेच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिले गेले, त्याचा हा परिणाम असे मी मानतो. स्पिनचा धडा वेगळा ठेवावा, त्याचे विमान वेगळे असावे, त्याचा गुरू वेगळा असावा. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या सेवानी या गावी विल्यम कर्श्नर यांनी एकाच सेस्ना एरोबॅटमध्ये वर्षानुवर्षे हजारो स्पिन शिकवले. त्यांचे ते विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. एवढ्या वेळा जमिनीकडे गरगरत जाऊनही ते धडधाकट राहिले, त्याचे कारण त्या विमानात आणि त्या माणसाच्या शिस्तीत होते.

तंत्रज्ञान हा प्रश्न सोडवील असे म्हणणारेही आहेत आणि त्यांची परंपरा जुनी आहे. फ्रेड वाइक यांनी १९३० च्या दशकाअखेर एरकूप नावाचे विमान रचले. त्याला रडरचे पेडलच नव्हते, शेपटीची हालचाल मर्यादित ठेवली होती आणि ते स्पिनमध्ये जाऊच शकत नव्हते. सुंदर कल्पना होती ती. पण बाकीची विमाने त्या वाटेने गेली नाहीत, आणि एरकूपवर शिकलेला माणूस कधीतरी दुसऱ्या विमानात बसणारच. १९९८ मध्ये आलेल्या सिरसने संपूर्ण विमानालाच पॅराशूट बसवले. स्पिनमध्ये गेलात तर ते उघडा, हा तिथला नेमून दिलेला मार्ग. त्याने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. पण सुरुवातीच्या सिरसच्या पुस्तिकेत एका फेरीच्या स्पिनमधून पॅराशूट उघडताना गमावलेली उंची ९२० फूट दिलेली होती. शेवटच्या वळणावरच्या पाचशे फुटांवर तेही अपुरे पडते. तिथे उपयोगी पडते ती वैमानिकाच्या पायाची जाण.

एक शंका मात्र मला स्वतःलाही सतावते: थोडे शिकून माणूस धीट होईल आणि धीटपणाने मरेल. चार तास स्पिन केलेला तरुण साध्या विमानात मित्राला ‘दाखवायला’ निघाला तर? शिवाय एका विमानात चालणारी रीत दुसऱ्यात चालेलच असे नाही. एरिक म्युलर आणि जीन बेग्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे: इंजिन मंद, स्टिक सोडून द्या, रडर उलटा. पिट्ससारख्या कसरतीच्या विमानांत ती नावाजलेली आहे, पण प्रत्येक विमानात ती लागू पडत नाही. शरीरही फसवते. फिरणे बराच वेळ चालले की कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव त्या गतीला सरावतो आणि फिरणे थांबताच उलट्या दिशेला फिरत असल्याचा भास होतो. मग वैमानिक नसलेल्या स्पिनवर उपाय करतो आणि खऱ्या स्पिनमध्ये शिरतो. या सगळ्याला उत्तर म्हणजे अर्धवट शिक्षण नको, पुरे शिक्षण हवे. प्रशिक्षकाने स्पिनबरोबर त्याच्या मर्यादाही शिकवल्या पाहिजेत: हे विमान, ही उंची, ही वजनाची मांडणी, आणि याच्या बाहेर अजिबात नाही. तरीही काही जण धीट होतील. त्यांच्यामुळे बाकीच्यांना अडाणी ठेवणे मला पटत नाही.

भारतात हा विषय हवाई दलाने कधी सोडला नाही. नव्या प्रशिक्षण विमानाला स्पिन जमतो की नाही यावर आपल्याकडे एक अख्खा प्रकल्प अडून राहिला. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे एचजेटी-३६ सितारा २००३ मध्ये पहिल्यांदा उडाले, पण स्टॉल आणि स्पिनमधले त्याचे वागणे समाधानकारक नव्हते. अखेर उभी शेपटी मागे सरकवून आणि रडर मोठा करून, जानेवारी २०२२ मध्ये त्याने दोन्ही बाजूंना सहा-सहा फेऱ्यांचा स्पिन करून बाहेर येण्याची क्षमता दाखवल्याचे कंपनीने जाहीर केले. पहिल्या उड्डाणापासून जवळपास एकोणीस वर्षे. स्पिनमधून नीट बाहेर न येणारे विमान लष्करी विद्यार्थ्याच्या हाती द्यायचे नाही, या आग्रहाची ही किंमत होती आणि तो आग्रह योग्य होता.

मुलकी प्रशिक्षणाचे चित्र वेगळे आहे. बारामती, गोंदिया, धुळे इथे शेकडो मुले-मुली व्यावसायिक परवान्यासाठी उडायला शिकतात. त्यांतल्या अनेक जणी आणि अनेक जण वर्षा-दोन वर्षांत दीडशेहून अधिक प्रवासी मागे घेऊन उडणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसतील. देशोदेशीच्या प्रशिक्षण संस्थांत हल्ली लोकप्रिय असलेल्या डायमंड डीए-४० सारख्या विमानांत मुद्दाम स्पिन करायला निर्मात्याचीच मनाई आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. युरोपने यातून वाट काढली. २० डिसेंबर २०१९ पासून तिथे प्रवासी विमान कंपन्यांसाठी उडू पाहणाऱ्यांना बिघडलेल्या स्थितीतून विमान सावरण्याचा वेगळा अभ्यासक्रम सक्तीचा झाला: पाच तास वर्गात आणि किमान तीन तास योग्य अशा विमानात, खास तयार केलेल्या प्रशिक्षकाबरोबर. त्यात सुरू होत असलेल्या स्पिनमधून बाहेर येण्याचा सराव आहे. दीड-दोनशे तासांच्या शिक्षणात तीन तास. आपल्याकडे हे करायला प्रत्येक शाळेने कसरतीचे विमान विकत घ्यायला हवे असे नाही. दोन-तीन राज्यांत मिळून एक अशी जागा, तिथे दोन-चार चांगली विमाने, चार-सहा मुरलेले प्रशिक्षक, आणि आळीपाळीने येणारे विद्यार्थी एवढे पुरेल. गोंदियाच्या मुलीने तीन दिवस तिथे जावे, पाच हजार फुटांवर ते शेवटचे वळण मुद्दाम चुकवावे, आणि जमीन गरगरत असताना आपला हात पुढे जातो की मागे येतो ते स्वतः पाहून यावे.